डेक नंतर, आधी तो लिफाफा उघडा

कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आहे. वय ६१, पेन्शन महिना ४२ हजार. परड्यात छपराचा लाकडी डेक करायचाय, खर्च साडेचार लाख. पतसंस्थेचं १४ टक्क्यांचं कर्ज काढू की ठेव मोडू, असं विचारतात. आणि जाता जाता लिहितात: "बँकेतल्या मॅडमनी मुदत संपलेल्या ठेवीतले ५ लाख एका योजनेत घातले. दहा वर्षांत दुप्पट होतील. दरवर्षी तेवढेच भरायचे आहेत म्हणे. गेल्या आठवड्यात पोस्टानं कागद आले, अजून उघडले नाहीत."

सर, डेकचं राहू द्या. तो लिफाफा आज उघडा.

ती ठेव नाही, विमा पॉलिसी आहे. हप्ता किती वर्षं भरायचा ते आत छापलेलं असेल. दहा वर्षं असेल तर झाले ५० लाख. तुमची पेन्शन वर्षाला ५ लाख आणि हप्ताही ५ लाख. मग घर कशावर चालवणार? पहिल्या हप्त्यानंतर थांबलात तर भरलेल्यातले बरेचसे पैसे बुडतात. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला हे ठेव म्हणून विकणं ही फसवणूकच आहे.

सुदैवानं वेळ गेलेली नाही. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला 'फ्री लूक' म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. पॉलिसी ईमेलवर आधीच आली असेल तर दिवस तिथपासून मोजले जाऊ शकतात, म्हणून मेलही तपासा. अर्ज विमा कंपनीकडे लेखी द्या, पोच घ्या. "एक वर्ष तरी चालू ठेवा" असं बँकेतून सांगतील, ऐकू नका. कंपनीनं दाद दिली नाही तर पुण्याला विमा लोकपालाकडे जाता येतं, फुकट.

परत आलेले ५ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. ८ टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला ४० हजार, दर तिमाहीला हातात.

आता डेक. कर्ज नकोच: पाच वर्षं महिना साडेदहा हजार, म्हणजे पेन्शनचा चौथा हिस्सा. डेकमुळे घराची किंमत दहा लाखांनी वाढेल, हे कंत्राटदाराचं बोलणं सोडून द्या. तुमच्या भागात गिऱ्हाईक आधी विचारतं, २०१९ला आणि २०२१ला पाणी कुठवर आलं होतं? शिवाय मागचं सामासिक अंतर, म्हणजे घर आणि कुंपण यांच्यामधली ठरावीक जागा, मोकळं ठेवावं लागतं, तिथं छप्पर घातलं की ते बांधकाम धरलं जातं. परवानगी नसेल तर पाडण्याची नोटीस येऊ शकते. घर पूररेषेत कुठं बसतं तेही महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीकडच्या बांधकामबंदीच्या पूररेषेच्या, आत असेल तर नवं बांधकाम विसराच. बसायला जागाच हवी असेल तर बिनछपराची दगडी फरशी घाला. पुराचं पाणी आलं तरी ती धुऊन निघते. तीही पॉलिसीचे पैसे खात्यात आल्यावर, बचतीतून.