शर्मर चाचणी नॉर्मल, तरी डोळे कोरडे : अश्रुपटलाचे चित्रण करून घ्यावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : शर्मर चाचणीत कागदी पट्टी १४ मिलिमीटर भिजली, म्हणून पाणी पुरेसे आहे असे सांगण्यात आले, तरीही नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या ऑफिसात दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, कृत्रिम अश्रूंच्या थेंबांनी तेवढ्यापुरतेच बरे वाटते, आणि आता डॉक्टरांनी अश्रुपटलाचे, म्हणजे डोळ्यावरच्या अश्रूंच्या पातळ थराचे, चित्रण सुचवले आहे. नागपुरातच ऑप्टोमेट्रीचे, म्हणजे डोळे व नजर तपासण्याचे, काम करत असल्यामुळे अशा तक्रारी मी रोज ऐकतो. माझ्या मते आपल्या बाबतीत ही तपासणी करून घ्यावी.

शर्मर चाचणी पाच मिनिटांत किती पाणी आले एवढेच मोजते. ते पाणी डोळ्यावर टिकते किती, हे तिला कळत नाही. अश्रूंचा थर मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढाच जाड असतो. त्यात पापण्यांच्या कडेतील मायबोमियन ग्रंथींचे तेल, अश्रुग्रंथीचे पाणी आणि बुबुळाच्या पृष्ठभागाला ओलावा धरायला लावणारे म्यूसिन हे चिकट द्रव्य, अशी तिघांची भागीदारी असते. तेल कमी पडले की पाणी भराभर उडून जाते, आणि पाण्याच्या अभावापेक्षा हाच प्रकार अधिक आढळतो. त्यामुळे १४ हा आकडा कोरडेपणा नाही असे सिद्ध करत नाही. दोष पाण्यात नसावा, एवढाच संशय त्यावरून घेता येतो.

चित्रणाचा सर्वांत उपयोगी भाग म्हणजे थर फुटतानाचे निरीक्षण. यंत्र बुबुळावर प्रकाशाची वर्तुळे पाडते, आपण पापणी मिटून उघडता आणि तशीच उघडी ठेवता. जिथे थर फुटतो तिथे वर्तुळ वाकडे होते आणि कॅमेरा तो क्षण टिपतो. दहा सेकंदांच्या आत फुटणे सहसा सदोष मानतात. मात्र मी सेकंदांपेक्षा फुटण्याची तऱ्हा अधिक बारकाईने पाहतो. जपानचे नेत्रतज्ज्ञ नोरिहिको योकोई यांनी डोळ्यात फ्लुरोसीन हे चमकणारे रंगद्रव्य घालून या तऱ्हांचे वर्गीकरण केले आहे. पापणी उघडल्यावर मोठ्या भागावर थर चढतच नसेल, तर पाण्याची तीव्र कमतरता असते; बुबुळाच्या खालच्या भागात उभी रेघ उमटली, तर ही कमतरता सौम्य ते मध्यम असते. डोळा उघडताक्षणी गोल काळे ठिपके दिसले, तर पाणी असूनही पृष्ठभाग ते धरत नाही, म्हणजे गडबड म्यूसिनची असते. आणि थर नीट बसून काही वेळाने कुठेही, कसाही फुटला, तर बाष्पीभवन जास्त आहे असे समजावे. आपले लक्षण ऐकून मला हा शेवटचा प्रकार वाटतो, पण निर्णय चित्र पाहूनच व्हावा.

तेलाचा थर वेगळा तपासता येतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जसे रंग दिसतात, तसे रंग या थरावर प्रकाश पाडल्यावर दिसतात. थर पातळ असेल तर नुसता करडेपणा उरतो. शिवाय पापणी उलटून अवरक्त कॅमेऱ्याने ग्रंथींचे चित्र घेतात, तेव्हा निरोगी ग्रंथी उभ्या पांढऱ्या पट्ट्यांसारख्या ओळीने दिसतात आणि खराब झालेल्या आखूड किंवा गायब. हे चित्र वेळेत घेण्याला महत्त्व आहे, कारण नाहीशी झालेली ग्रंथी परत आणणारा खात्रीचा उपाय आज आपल्याजवळ नाही.

आता आपल्या शहरापुरती एक गोष्ट कळकळीने सांगतो. मे महिन्याच्या उन्हात, लू अंगावर घेत, दुचाकीवरून येऊन लगेच यंत्रासमोर बसू नका. पंधरा-वीस मिनिटे शांत खोलीत बसा, आणि कूलरचा किंवा एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. नाहीतर यंत्र आपल्या डोळ्याऐवजी नागपूरची हवा मोजेल. त्या दिवशी काजळ लावू नका, आणि थेंब व कॉन्टॅक्ट लेन्स किती वेळ आधी बंद ठेवायचे ते दवाखान्यात विचारून घ्या. क्रमही महत्त्वाचा : आधी स्पर्श न करता होणारे चित्रण, मग फ्लुरोसीन, आणि शर्मर सर्वांत शेवटी, कारण पट्टीने डोळा चुरचुरतो आणि जादा पाणी येऊन पुढचे सगळे बिघडते.

अहवालात फक्त आकडे न घेता चित्रफीतही दाखवायला सांगा. काही यंत्रे अर्धवट पापणी मिटण्याचीही नोंद करतात. दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्यांत ही सवय फार असते आणि पापणी पूर्ण मिटली नाही तर तेल थरावर पसरत नाही.

प्रकार कळला की उपचार बदलतात. तेलाचा दोष असेल तर कोमट शेक, पापण्यांच्या कडांची हलकी मालीश व स्वच्छता आणि तेलयुक्त थेंब. पाण्याचा असेल तर अश्रूंच्या निचऱ्याच्या छिद्रांना प्लग किंवा सायक्लोस्पोरिनसारखे औषध, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. खर्च परवडत नसेल तर स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासण्याच्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली) पापणीची कड दाबून बाहेर येणारे तेल पातळ व स्वच्छ आहे की घट्ट पांढरट, एवढे तरी पाहून घ्या. त्याला महागडे यंत्र लागत नाही. आणि डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल किंवा सांधे दुखत असतील, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्या स्थितीत शोग्रेन आजारासाठी (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू व लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते) रक्ततपासणीही करावी लागते.