टीकिंटरची खिडकी गोठते तेव्हा

टीकिंटर म्हणजे पायथॉनमध्ये खिडक्या आणि बटणं बनवायची लायब्ररी. त्यात केलेल्या काउंटडाउन टायमरचं बटण दाबलं की खिडकी गोठते, असं तुम्ही विचारलंत. कॉम्प्युटर ठणठणीत आहे तुमचा, पायथॉन परत टाकायची गरज नाही. बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये व्हाइल लूप घालून त्यात टाइम डॉट स्लीप (प्रोग्रॅमला तेवढा वेळ झोपवणारी आज्ञा) लिहिलंय, सगळी मेख तिथे आहे. मेनलूप, म्हणजे खिडकी चालती ठेवणारा लूप, एकच असतो. क्लिक ऐकणं, खिडकी रंगवणं, सगळं तोच करतो. त्याला पाच सेकंद झोपवलंत की खिडकीही पाच सेकंद ढिम्म. त्याऐवजी रूट डॉट आफ्टर वापरा. रूट म्हणजे मुख्य खिडकी, आणि आफ्टर दिलेल्या वेळानंतर फंक्शन बोलावतं. वेळ मिलिसेकंदात द्यायची, म्हणजे एका सेकंदाला १०००. काउंटडाउनसाठी फंक्शनने आकडा एकने कमी करायचा, लेबल बदलायचं आणि शून्य येईपर्यंत आफ्टरकरवी स्वतःलाच पुन्हा बोलवायचं. तो व्हाइल लूप काढूनच टाका.

सुरुवातीला हमखास नडणारं आणखी थोडं:

- बटणाच्या कमांडमध्ये फंक्शनचं नुसतं नाव द्या. पुढे कंस टाकलात तर ते बटण बनतानाच चालून मोकळं होतं.
- एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड (खिडकीत गोष्टी मांडायच्या दोन पद्धती) एकत्र नकोत. फॉर्मसाठी ग्रिडच बरा.
- चित्र दिसत नाही आणि एररही नाही? फंक्शनच्या आत बनवलेली फोटोइमेज फंक्शन संपताच गेली. लेबल डॉट इमेजमध्ये तिला धरून ठेवा. (हा प्रकार जुन्याजाणत्यांनाही चकवतो.)
- स्वतःच्या फाइलला टीकिंटर डॉट पीवाय नाव देऊ नका.

थ्रेडच्या वाटेला इतक्यात जाऊ नका, क्लासही नंतर बघू. आधी टायमर आफ्टरवर चालवा. अडलात तर एररची शेवटची ओळ जशीच्या तशी पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको.