अमेरिकेत स्कूल डिस्ट्रिक्टची पीटीए कौन्सिल कशी चालते?

शाळेच्या पीटीएने (पालक-शिक्षक संघाने) तुम्हाला कौन्सिलवर प्रतिनिधी म्हणून पाठवलंय, तर आधी हे लक्षात घ्या: कौन्सिल ही शाळांच्या पीटीएंची साहेब नाही. डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागातल्या, पीटीए तिच्या सभासद असतात. त्यांचे अध्यक्ष आणि प्रतिनिधी ठरावीक काळाने एकत्र बसतात. माझ्या मते कौन्सिलचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे नव्या खजिनदारांना तयार करणं: हिशेब, ऑडिट आणि टॅक्सचा फॉर्म ९९०, म्हणजे करमाफी असलेल्या संस्थांनी दरवर्षी भरायचं विवरणपत्र. ते सलग तीन वर्षं भरायचं राहिलं, तर पीटीएचा करमाफीचा दर्जा आपोआप जातो! शाळेच्या बस, बजेट असे सगळ्या शाळांचे प्रश्न कौन्सिल स्कूल बोर्डापुढे, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या मंडळापुढे, मांडते. निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार मात्र करता येत नाही. पहिल्या बैठकीआधी कौन्सिलचे बायलॉज (नियमावली) मागून घ्या. कोरम, मतं, वर्गणी सगळं त्यातच असतं.