समज देऊन सोडलेल्या मुलाला घरात रोज शिक्षा कशासाठी?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा अकरावीत असताना कॉलेजबाहेरच्या मारामारीत त्याचं नाव आलं. बाल न्याय मंडळाने समज देऊन त्याला सोडलं. आता तो २० वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करत होता आणि वडील म्हणतात, 'तुझ्यावर केस झालीय, खाकी विसर. नाहीतर फॉर्मवर सरळ "नाही" लिहून मोकळा हो.' तुम्ही विचारताय, दुसरं कुठलं क्षेत्र निवडावं?

क्षेत्राचं नंतर बघू. त्याने पहाटे पळायला जाणं सोडलं, बूट माळ्यावर टाकले, हे वाचून मी थांबलो. मंडळाने मिटवलेलं प्रकरण तुमच्या घरात रोज जेवताना उकरून काढलं जातंय. पोरगं खचलंय ते यामुळे. वडिलांची काळजी मला कळते, पण ही त्यांची सरळ चूक आहे.

शिवाय त्यांचा समजही खोटा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ सांगतं की, अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे अपात्र ठरवता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्याचं रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. कलम ७४ नुसार, निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही द्यायची नसते. अपवाद आहेत, पण ते अतिगंभीर गुन्ह्यांचे. तुमच्या मुलाचं प्रकरण त्यात बसत नाही. मोठ्या माणसांसाठी अशी पाटी कोरी करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. निर्दोष सुटलेल्याचं नावसुद्धा ई-कोर्टच्या साइटवर सापडतं. तसा कायदा यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मात्र वडिलांचा 'नाही लिही' हा सल्ला डोळे झाकून पाळू नका. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की, भरतीच्या फॉर्ममधली माहिती खरीच हवी. लपवाछपवीमुळे मिळालेली नोकरीही जाऊ शकते. प्रश्न नेमका काय विचारलाय ते शब्दन् शब्द वाचा आणि उत्तर लिहिण्याआधी वकिलाला दाखवा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

भरतीची मैदानी आणि लेखी परीक्षा त्याला माहीतच आहे. क्षेत्र बदलायचं काही कारण मला दिसत नाही. मंडळाच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल तेवढी काढून ठेवा. ती आणायला वडिलांनी स्वतः त्याच्यासोबत जावं.