जुन्या इंजिनांचं वेड आणि पुढची वाट

स. न. वि. वि.

मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज सुटलं की गॅरेजात जुन्या गाड्यांच्या इंजिनांची हेडं (सिलिंडरवरची झाकणं) उतरवत बसतो आणि ‘इंजिन टेस्टिंगमध्येच जायचंय’ म्हणतो, असं आपण लिहिलंय. इलेक्ट्रिक गाड्यांच्या जमान्यात यावर पोट कसं भरणार, ही आपली काळजी.

आधी त्याला हॅरी रिकार्डो या ब्रिटिश इंजिन अभियंत्याचं काम नीट वाचू द्या. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या बऱ्याच गाड्यांना साइड-व्हॉल्व्ह इंजिनं होती. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, वर साधं हेड. बनवायला सोपं, पण पेट्रोल-हवेचं मिश्रण सावकाश जळायचं आणि कॉम्प्रेशन (मिश्रण किती दाबायचं ते प्रमाण) वाढवलं की इंजिन ठोकायला लागायचं, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटून ठकठक आवाज यायचा. रिकार्डोने हेडचा आतला आकार बदलला. पिस्टन वर आला की एका बाजूला तो हेडला जवळजवळ टेकतो, तिथलं मिश्रण पिळून निघून व्हॉल्व्हवरच्या पोकळीत जोरात घुसतं, ढवळलं जातं आणि ज्योत झपाट्याने पसरते. या हेडचं पेटंट १९१९ चं.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्याचं ई-३५ हे चाचणीचं इंजिन. सिलिंडर एकच, आणि इंजिन चालू असतानाच तो हेड-व्हॉल्व्हसकट वरखाली सरकवून कॉम्प्रेशन बदलता यायचं. बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि ठोका कुठे सुरू होतो ते नोंदवायचं. कुठलं इंधन किती कॉम्प्रेशन सोसतं, हे त्यामुळे आकड्यांत सांगता आलं. तपासलेल्या इंधनांत अल्कोहोलही होतं. आपल्या पंपावर आज वीस टक्के इथेनॉलचं (तेही अल्कोहोलच) पेट्रोल मिळतं, तेव्हा हा विषय कपाटात ठेवून देण्यातला मुळीच नाही.

आपली शंका मात्र खोटी नाही. निव्वळ पेट्रोल इंजिनाच्या डिझाइनमधल्या जागा कमी होत जातील, हे मी लपवणार नाही. चाचणीचं काम राहणार आहे. ट्रॅक्टर, जनसेट (जनरेटर), सीएनजी आहेतच, आणि मोटर-बॅटरीलाही टेस्ट बेड (चाचणीचा मंच) लागतोच. पुण्यात कोथरूडला एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्यांचंच काम करते. तिथलं काम कसं चालतं ते त्याने जरूर समजून घ्यावं.

गॅरेज सोडायला लावू नका, फक्त हातात वही द्या. व्हॉल्व्ह घासण्याआधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर मोजायचं, घासल्यावर पुन्हा मोजायचं. त्याच दिवशी टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) आणि प्लग बदलायचे नाहीत, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. मुलाखतीत अशी वही दाखवणारा मुलगा वेगळा उठून दिसतो.

डिप्लोमानंतर नोकरीची घाई नको. पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा. थर्मोडायनॅमिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनवर भर द्यावा, सेन्सरचे आकडे हाताळण्यापुरतं पायथन शिकावं. डिप्लोमाच्या मुलांचं गणित पदवीला गेल्यावर अडतं, तेव्हा या सुट्टीत त्याची इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की करून घ्या.

आपला,
करिअर मार्गदर्शक