आबांच्या पायाची नस आणि बिलातली हाताची धमनी

शहादा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं वय 61, मधुमेह जुना. येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यांच्या बायपासला दोन वर्षं होतील. ऑपरेशन सुरतेच्या एका खासगी रुग्णालयात झालं. "पायाची नस लावणार नाही, छातीची आणि हाताची लावू, ती जास्त टिकते," असं सर्जननी सांगितलं आणि त्यासाठी पॅकेजवर 55 हजार रुपये जादा घेतले. बिलात 'आर्टेरियल ग्राफ्ट' (बायपाससाठी जोडलेली धमनी) अशी वेगळी ओळ आहे. एकूण बिल 4 लाख 35 हजार. डिस्चार्ज कार्डावर मात्र एक 'लिमा' आणि दोन 'एसव्हीजी', म्हणजे छातीची एक धमनी आणि पायाच्या दोन शिरा. पायाची जखम दीड महिना चिघळली. सोळा महिन्यांनी दम लागू लागला, नाशिकला पुन्हा अँजिओग्राफी झाली, तेव्हा पायाच्या दोनपैकी एक नस बंद निघाली आणि स्टेंट टाकावा लागला. संमतिपत्र इंग्रजी आणि गुजरातीत होतं, त्यावर सही मुलाची. धाकटा भाऊ म्हणतो, पोलिसांत जाऊ. केस होते का, असा प्रश्न आहे.

भाऊ, केस होते. पण पायाची नस वापरली, एवढ्यावर ती टिकणार नाही. ती टिकेल त्या 55 हजारांच्या ओळीवर. हे नीट समजून घ्या, नाहीतर चुकीच्या मुद्द्यावर तीन-चार वर्षं घालवाल.

'लिमा' म्हणजे छातीच्या आतल्या बाजूची डावी धमनी. हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीला ती जोडतात, आणि दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जणांची ती उघडी असते. 'एसव्हीजी' म्हणजे पायाची शीर. शिरेला धमनीतला दाब सोसायची सवय नसते. तिची भिंत जाड होत जाते, आत चरबी साचते, आणि दहा वर्षांत जवळपास निम्म्या शिरा बंद पडतात. हाताची रेडियल धमनी या बाबतीत शिरेपेक्षा सरस ठरली आहे. 2018 मध्ये सहा चाचण्यांतल्या 1,036 रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा पाच वर्षांनी हाताच्या धमनीवाल्यांत ग्राफ्ट बंद पडण्याचं आणि हृदयाच्या नंतरच्या तक्रारींचं प्रमाण कमी आढळलं. म्हणजे सर्जन तुम्हाला जे म्हणाले, त्यात खोटं काही नव्हतं.

तरीही पायाची शीर आजही जगभर सर्रास वापरतात, आणि त्याला कारणं आहेत. ज्या मनगटातून अँजिओग्राफी झाली, त्या हाताची धमनी सर्जन टाळतात. आबांची पहिली अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झाली, असं तुम्ही लिहिता. मग उरला डावा हात. त्या धमनीत कॅल्शियम साचलेलं निघालं, किंवा ती काढल्यावर पंजाला रक्त कमी पडेल असं चाचणीत दिसलं, तर तीही सोडतात. मूळ रक्तवाहिनीतला अडथळा फारसा तीव्र नसेल, तर तिथे जोडलेली हाताची धमनी आकसून बंद पडते. छातीच्या दोन्ही धमन्या घ्यायच्या, तर मधुमेह्यांत छातीच्या हाडाला संसर्ग होण्याची भीती वाढते. समोरचे वकील हे सगळं मांडणार. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, सर्वसाधारण कुशल डॉक्टर जे करेल ते केलं असेल, तर निकाल वाईट लागला म्हणून तो निष्काळजीपणा ठरत नाही. आबा ऑपरेशननंतर विडी ओढत होते का, गोळ्या मध्ये बंद झाल्या होत्या का, हेही विचारतील. खरं असेल ते मला आधी सांगा.

आता 55 हजार. टेबलावर बेत बदलला, मान्य. पण धमनीचे पैसे घेऊन शीर लावली आणि पैसे परत केले नाहीत, ही ग्राहक कायद्यातली सेवेतली त्रुटी आहे. बिल आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवलं की कुणालाही दिसते, त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष लागत नाही. एकच पळवाट संभवते: लिमाही धमनीच आहे, त्याचेच हे पैसे, असं रुग्णालय म्हणेल. म्हणून ऑपरेशनआधी मिळालेला खर्चाचा अंदाज शोधा. वहीच्या कागदावर लिहून दिलेला असला तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर काही बोलणं झालं असेल तर तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका.

संमतीचा मुद्दा दुसरा. समीरा कोहली खटल्यात (2008) रुग्ण सज्ञान होती, भुलीखाली होती, आणि जादा शस्त्रक्रियेला संमती आईकडून घेतली. न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही, डॉक्टरांचं शुल्क नाकारलं आणि 25 हजार रुपये भरपाई द्यायला लावली. आबा तर आदल्या रात्री शुद्धीत, बोलत-चालत होते. त्यांची सही का घेतली नाही? मराठीत कुणी समजावलं का? पण बायपासला आबांची तयारी होतीच, त्यामुळे नुसत्या या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका. बिलाच्या मुद्द्याला याने बळ मिळेल, इतकंच.

याच आठवड्यात एक काम करा. संपूर्ण केस पेपर मागणारा अर्ज आबांच्या सहीने रुग्णालयाला स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपा. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. अर्जात 'ऑपरेशन नोट' आणि 'संमतिपत्र' हे दोन शब्द स्पष्ट लिहा. शीर का घेतली याचं कारण ऑपरेशन नोटमध्ये त्याच दिवशी लिहिलेलं असेल, तर निष्काळजीपणाचा दावा आपण सोडून देऊ आणि फक्त पैशांचं भांडू. काहीच लिहिलेलं नसेल, तर मी हृदयशल्यचिकित्सकाचं लेखी मत घ्यायला सांगेन. पायाच्या जखमेचं ड्रेसिंग शहाद्यात केलं असेल, तर त्या पावत्याही काढा.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची, आणि ती तिथीने नव्हे, तारखेने मोजतात. बंद नस नंतर कळली म्हणून मुदत तेव्हापासून धरा, असा युक्तिवाद करता येतो. पण त्या भरवशावर राहू नका. डिस्चार्जच्या तारखेपासून दोन वर्षं मोजा, आणि ती भरण्याच्या महिनाभर आधी तक्रार दाखल झालेली बरी.

सुरतेच्या फेऱ्या मारायची गरज नाही. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी नंदुरबारचा जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही. तक्रारदार म्हणून आबा आणि पैसे भरणारे तुम्ही, दोघांची नावं घाला. मागणीत 55 हजार व्याजासह, जखमेचा खर्च आणि मानसिक त्रासाची भरपाई लिहा. स्टेंटचा खर्च तज्ज्ञाचं मत हाती आल्यावरच घालू.

धाकट्या भावाला पोलिसांपासून थांबवा. फौजदारी गुन्ह्याला ढोबळ, घोर निष्काळजीपणा लागतो, तो या कागदांत दिसत नाही. रुग्णालयात जाऊन आवाज चढवणंही नको. उलट तक्रार झाली, तर आबांनाच जबाबासाठी ओढतील.

नाशिकच्या रिपोर्टात छातीची धमनी उघडी आहे, असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. आबांना ती ओळ वाचून दाखवा. तिन्हींत सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. तो रिपोर्ट मूळ प्रतीत घरी ठेवा आणि मला झेरॉक्सच पाठवा.