फॉइल काढा, बटाटा मोकळा भाजा

मागच्या अंकात लोडेड बेक्ड पोटॅटोचा, म्हणजे अख्खा भाजून वर लोणी-चीज वगैरे घातलेल्या बटाट्याचा, ओझरता उल्लेख केला होता. या महिन्यात निम्म्याहून अधिक पत्रं त्यावरच आली, म्हणून हे पान पूर्ण बटाट्याला दिलं आहे. मी राहते बॉयसीत, आयडाहो राज्याच्या राजधानीत. इथे गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘फेमस पोटेटोज’ लिहिलेलं असतं आणि राज्याच्या पूर्व भागात काही शाळांना अजूनही बटाट्याच्या काढणीसाठी सुट्टी मिळते. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

ताई, मी ऑफिसातून सहाला घरी पोचते. मुलं ९ आणि १३ वर्षांची, सातला दोघांनाही कडकडून भूक लागलेली असते. स्टेकहाउसमध्ये मिळतो तसा बेक्ड पोटॅटो त्यांना फार आवडतो. मी घरी लाल सालीचे बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून ३५० डिग्रीवर भाजते. साल ओली, सुरकुतलेली राहते आणि आतून बटाटा चिकट लागतो. काय चुकतंय? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तीन गोष्टी बदला: बटाटा, फॉइल आणि ओव्हनचं तापमान.

लाल सालीचा बटाटा रस्साभाजीला उत्तम. शिजला तरी फोडी अखंड राहतात, कारण त्यात स्टार्च कमी आणि पाणी जास्त असतं. आपल्याला इथे उलट हवंय. बटाटा आतून पिठूळ व्हायला हवा, काट्याने नुसतं हलवलं तरी भुसभुशीत मोकळा व्हायला हवा. त्यासाठी रसेट घ्या, तो तपकिरी, खरखरीत सालीचा लांबट बटाटा. ल्यूथर बरबँक यांनी १८७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये बियांपासून एक नवा बटाटा तयार केला, त्याचाच पुढे खरखरीत सालीचा प्रकार निपजला, तो हा रसेट बरबँक. आज आयडाहोची ओळख त्याच्यावर उभी आहे. पाच पौंडांच्या पिशवीतले बटाटे लहान-मोठे असतात आणि एकाच वेळी शिजत नाहीत. सुटे निवडून घ्या, सगळे साधारण एका मापाचे, आठ-नऊ औंसांचे म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आसपास. खोक्यावर ‘९० काउंट’ लिहिलेलं दिसलं तर ते याच मापाचे. पन्नास पौंडांच्या खोक्यात किती बटाटे बसतात, तो तो आकडा.

आता फॉइल. फॉइलमध्ये बटाटा भाजला जात नाही, स्वतःच्या वाफेत उकडतो. ओल्या सालीचं कारण तेच. बटाटे घासून धुवा, पुसून अगदी कोरडे करा, काट्याने सात-आठ ठिकाणी टोचा आणि ट्रेऐवजी थेट ओव्हनच्या जाळीवर ठेवा, म्हणजे चारही बाजूंनी गरम हवा लागते. खालच्या कप्प्यात एक ट्रे सरकवून ठेवा, काही गळलंच तर ओव्हन खराब होत नाही. तापमान ४०० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २०५ सेल्सिअस. या मापाच्या बटाट्याला पंचावन्न मिनिटं ते एक तास लागतो. शेवटची दहा मिनिटं राहिली, की बाहेर काढून ब्रशने तेल लावायचं, वरून जाडं मीठ भुरभुरायचं आणि पुन्हा आत. तोवर साल कोरडी झालेली असते, त्यामुळे तेल लागल्यावर ती मस्त कुरकुरीत होते. माझ्या घरी मुलं आधी साल खातात.

झाला की नाही हे घड्याळावर सोडू नका. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान २०५ ते २१० फॅरनहाइट यायला हवं. नसेल तर पातळ सुरी मध्यभागी खुपसून बघा, कुठेही अडता कामा नये.

यापुढची दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तिथेच बहुतेकांची घाई होते. आमच्या शेजारच्या आजी पूर्व आयडाहोतल्या शेतकरी घरातल्या. त्या बटाटा बाहेर आला रे आला की टॉवेलमध्ये धरतात. सुरी वापरत नाहीत. काट्याने वर लांबीला टोचत टोचत एक रेघ पाडतात, मधोमध एक आडवी, आणि मग दोन्ही टोकं अंगठ्यांनी आत दाबतात. बटाटा फुलासारखा उमलतो आणि वाफेचा एक मोठा लोट वर येतो. ती वाफ लगेच गेलीच पाहिजे. बटाटा न उघडता पाच-दहा मिनिटं तसाच ठेवला तर तीच वाफ आत पाणी होऊन बसते आणि गर दाट, चिकट होतो. सगळे बटाटे आधी उघडायचे, मग मुलांना हाक मारायची. सुरीने सपाट काप दिला तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, काट्याने खडबडीत राहतो आणि लोणी त्यात मुरतं.

सहाला घरी येऊन सातला जेवायचं, तर ओव्हनमधलं ‘डिले स्टार्ट’ वापरा. अमेरिकेतल्या बऱ्याच ओव्हनना ते असतं. सकाळी कोरडे, टोचलेले बटाटे जाळीवर ठेवून जा, साडेपाचची वेळ लावा. कच्चा बटाटा दिवसभर बंद ओव्हनमध्ये राहिला तरी काही बिघडत नाही. तुम्ही घरात शिराल तेव्हा तो अर्धा झालेला असेल.

एक तास कुठून आणायचा? मायक्रोवेव्ह किंवा इन्स्टंट पॉटमध्ये नाही का होणार? — एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा प्रेशर कुकर, नको. बटाटेवड्यासाठी उकडायला तो छान, पण वाफेवरचा बटाटा ओलाच राहणार. मायक्रोवेव्ह चालेल, मात्र अर्ध्या कामापुरता. दोन बटाटे टोचून चार मिनिटं, उलटे करून आणखी चार मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये टोचल्याशिवाय अजिबात ठेवू नका, आत वाफ कोंडून फुटू शकतो. तोवर ओव्हन ४५०वर तापत ठेवा आणि तेल-मीठ लावून बारा-पंधरा मिनिटं आत टाका. एअर फ्रायर असेल तर त्यात. तासाभराच्या बटाट्याची गोडी याला नसते, पण मुलांची साडेसातला पोहण्याची शिकवणी असेल तर हाच मार्ग.

माझ्या सासूबाई म्हणतात, “नुसता बटाटा म्हणजे काय जेवण आहे का?” त्यांना काय सांगू? शिवाय आम्ही शाकाहारी, त्यामुळे बेकन नाही. — एक वाचक, टकोमा, वॉशिंग्टन

सासूबाईंना आधी तुमच्याच राज्यातली एक गोष्ट सांगा. १९०९च्या सुमाराला नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या डायनिंग कारचे प्रमुख हेझन टायटस यांना कळलं, की याकिमा खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे बटाटे एवढे मोठे पिकतात की बाजारात कोणी घेत नाही आणि शेवटी ते डुकरांना घालावे लागतात. टायटसनी त्यातले दोन-दोन पौंडांचे बटाटे घेतले, सावकाश भाजून बघितले आणि गाडीत लोण्याबरोबर वाढायला सुरुवात केली. लोकांना ते इतके आवडले, की रेल्वे स्वतःची जाहिरात ‘ग्रेट बिग बेक्ड पोटॅटो’चा मार्ग अशी करू लागली. सिॲटलमधल्या रेल्वेच्या इमारतीवर प्रचंड मोठा बटाटा उभारला होता. लांबच्या प्रवासात लोक ताटात एक बटाटा घेऊन समाधानाने जेवत होते.

पण सासूबाईंचा मुद्दा खरा आहे, तो मी सोडणार नाही. नुसतं लोणी, चीज, सावर क्रीम घातलं तर पोट भरतं आणि दोन तासांनी मुलं पुन्हा फ्रिज उघडतात. सोबत डाळ-कडधान्यातलं काहीतरी हवंच. माझ्या घरी मंगळवारी हे असतं: ब्लॅक बीन्सचा एक डबा, पाणी काढून, धुऊन. थोड्या तेलात कांदा, लसूण, जिरेपूड, तिखट, एक टोमॅटो, मग बीन्स आणि अर्धी वाटी पाणी. डावाच्या पाठीने थोडे बीन्स कढईतच चेपायचे, म्हणजे रस दाट येतो. पंधरा मिनिटांत तयार, बटाटे ओव्हनमध्येच असतात तोवर. फ्रीजरमधली ब्रोकोली वाफवून बाजूला. आदल्या दिवशीची मटकीची उसळ उरली असेल तर ती कोरडी करून घाला, याहून छान जोडी नाही. पातळ रस्सा मात्र घालू नका, कष्टाने मिळवलेला भुसभुशीतपणा वाया जातो.

घालण्याचा क्रम पाळा. उघडल्याबरोबर गरात मीठ आणि लोणी, तेही काट्याने खालपर्यंत हलवून. वरवर मीठ टाकलं तर पहिले दोन घास खारट आणि बाकी बटाटा अळणी. मग किसलेलं चेडर. चीज घरी किसा. पाकिटातल्या किसलेल्या चीजला गोळे होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो, ते नीट वितळत नाही. चीज घालून दोन मिनिटं परत ओव्हनमध्ये. त्यावर गरम बीन्स, आणि सगळ्यात शेवटी गार गोष्टी: सावर क्रीम किंवा घट्ट ग्रीक योगर्ट, कांद्याची पात.

बेकनचं काम काय, तर खारट, धुरकट आणि कुरकुरीत चव देणं. मशरूमचे पातळ काप, तेल, मीठ आणि स्मोक्ड पॅप्रिका लावून बटाट्यांच्या शेजारीच ट्रेवर वीसेक मिनिटं भाजा, कडा कुरकुरीत होईपर्यंत. किंवा पुलावावर घालतो तसा तळलेला कांदा. मला मशरूम जास्त आवडतात.

सगळं वाट्यांतून टेबलावर मांडा आणि ज्याचा त्याने बटाटा भरावा. धाकट्याला ब्रोकोली नको आणि आजींना मिरची हवी, यावरून होणारी कटकट तिथल्या तिथे संपते. बायका दमून आल्यावर चार जणांसाठी चार चवी रांधतात, ते मला बघवत नाही.

रविवारी आठ-दहा बटाटे एकदम भाजून ठेवले तर चालतील का? मी ते फॉइलसकट ओट्यावरच ठेवते, सोमवारी डब्याला होतात. — एक वाचक, डॅलस, टेक्सस

भाजून ठेवा, पण तुम्ही ठेवता तसे नाही. कृपया हे आजपासून बंद करा. तुमच्याच राज्यात, एल पासोमध्ये, १९९४ साली एका रेस्टॉरंटमधलं खाऊन ३० जणांना बॉट्युलिझम, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणारा जीवघेणा आजार, झाला होता. मूळ होतं फॉइलमध्ये भाजून तसेच बाहेर ठेवलेले बटाटे, ज्यांचं पुढे डिप केलं गेलं. बटाटा जमिनीत वाढतो, त्याच्या सालीवर त्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भाजण्याने मरत नाहीत. फॉइलच्या आत हवा पोचत नाही, आत ओल असते, ऊब असते. त्यांना वाढायला आणि विष तयार करायला नेमकं हेच हवं असतं. वासावरून किंवा चवीवरून ते कळेल असा भरवसा ठेवता येत नाही.

तर फॉइल नकोच. जेवण झालं की उरलेले बटाटे उघडून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवसांत संपवा. आधीच फॉइलसकट रात्रभर बाहेर राहिलेला बटाटा सरळ टाकून द्या, त्यात हळहळ करू नका.

उरलेल्यांचं काय करायचं, तर उभे दोन भाग करून गर काढा, त्यात थोडं दूध, चीज, कांद्याची पात, हिरवी मिरची कालवा, पुन्हा सालीत भरा आणि ४०० डिग्रीवर वीस मिनिटं भाजा. हे भरून फ्रीजरमध्येही छान टिकतात. किंवा सालीसकट तुकडे करून मोहरी-हिंगाच्या फोडणीवर खरपूस परता, डब्याला पोळीबरोबर.

सासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांना मधुमेह आहे. आम्ही सगळे हे खाणार आणि त्यांना वेगळं वाढायचं, हे जिवावर येतं. — एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

वेगळं वाढू नका, माप बदला. सालीसकट मध्यम बटाट्यात, म्हणजे साधारण १४८ ग्रॅममध्ये, सुमारे २६ ग्रॅम कर्बोदकं आणि ११० कॅलरी असतात. स्टेकहाउसचा बटाटा याच्या दुपटीहून मोठा असतो, घोटाळा तिथे होतो. त्यांच्यासाठी लहान बटाटा निवडा किंवा मोठ्याचा अर्धा द्या, सालीसकट. त्यावर बीन्स भरपूर, दही, आणि ताटाचा अर्धा भाग ब्रोकोली-कोशिंबिरीचा. त्या जेवणाला पोळी-भात नाही. दोन तासांनी साखर तपासा, म्हणजे त्यांच्या शरीराला किती चालतं ते अंदाजाने ठरवावं लागणार नाही. बटाटा गार करून खाल्ला की साखर वाढत नाही असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका, फरक पडतो पण थोडा. आणि मूत्रपिंडाचाही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण एका मध्यम बटाट्यात ६०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं.

एकादशीला चालेल का? — एक वाचक, ऑस्टिन, टेक्सस

चालेल की! तुमच्या घरी उपासाला जे चालतं तेवढंच घाला. माझ्याकडे तेलाऐवजी सालीला तूप, गरात मीठ, वर जिऱ्या-मिरचीची तुपातली फोडणी, दाण्याचं जाडसर कूट आणि घट्ट दही. कूट दह्याच्या वर घाला, खाली गेलं की मऊ पडतं.